पाहुण्यांआधीची तालीम

१

मला एक सांगा, घरी पाहुणे यायचे असतील तर तुम्ही जास्त भरवसा कोणावर ठेवाल? बाहेर उभं राहून बेल वाजवणाऱ्यावर, की आतून दार उघडणाऱ्यावर? घाई करू नका. मीसुद्धा पूर्वी फटकन उत्तर द्यायचो. काचवाल्यांच्या घरची पार्टी झाली तेव्हापासून जरा थांबतो.

काचवाले म्हणजे आमच्या बाजारातले कपबशांचे व्यापारी. खाली दुकान, जिना चढून गेलं की घर, घराच्या वर आणखी एक खोली. माणूस शाळेत फारसा रमला नाही, पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखायचा की हे घेणार आहे की नुसतं हाताळून जाणार आहे. आणि बोलणं? समोरचा ग्लास बदलून घ्यायला तावातावाने आला तरी जाताना किटली घेऊन जायचा, वर आभार मानायचा. प्रत्येकाला दारापर्यंत सोडायचं आणि म्हणायचं, "आलात, बरं वाटलं. पुन्हा या." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की एकदा घर लुटायला आलेला भुरटा चोर पळून जाताना त्यालाही म्हणाले होते. बायको अजून त्यावरून चिडवते.

दुकानात सेट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एक सल्ला फुकट द्यायचे. "पार्टी करायची ना? मग आधी एक कोरी पार्टी करा." म्हणजे तालीम. झालं होतं असं, की एका नवश्रीमंत गिऱ्हाइकाने यांच्याकडून भारीतला भारी डिनर सेट नेला आणि पार्टीत पहिलाच ट्रे घेऊन निघाला. स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं, कारण त्या खोलीत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सगळा सेट जमिनीवर. तेव्हापासून काचवाल्यांचा नियम ठरला. आदल्या दिवशी बेल वाजवून बघायची, दार उघडून बघायचं, "या, बसा" म्हणायचं, खुर्चीपर्यंत न्यायचं, कप हातात द्यायचा. माणसं कुठे अडकतात, कुठे कोपर लागतं, सगळं कळतं.

एक गोष्ट मात्र ते तालमीत कधीच घ्यायचे नाहीत. निरोप.

कुणी विचारलंच तर हसायचे. "अहो, येणाऱ्याला आणावं लागतं. जाणारा आपोआप जातो. त्याची कसली तालीम?"

२

ही पार्टी साधी नव्हती. त्यांची मुलगी चिमी खूप वर्षांनी घरी येणार होती. नाव चिमी, पण आता चांगली मोठी बाई. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायची. लग्नावरून बापलेकीचं वाजलं होतं, आणि रागाच्या भरात काचवाले बोलून गेले होते, "दार उघडं आहे, जायचं असेल तर जा." ती गेली. मग फोन आईला यायचे, आणि आई मुद्दाम मोठ्याने बोलायची, म्हणजे बापाच्या कानावर पडावं.

आता जावयाची बदली इकडेच झाली होती. दोघं घर शोधत होती आणि वरची खोली रिकामी होती. आईचा जीव त्या खोलीत अडकला होता. चिमीने फोनवर एवढंच म्हटलं, "येते पार्टीला. राहायचं की नाही ते तिथे आल्यावर बघते."

"बघते म्हणजे काय बघणार आहे?" काचवाल्यांनी विचारलं.

"तुमचं तोंड," बायको म्हणाली. "दुसरं काय बघण्यासारखं आहे इथे?"

तर पार्टीच्या आदल्या दुपारी तालीम सुरू झाली. बायको बाहेर जाऊन बेल वाजवायची आणि एकेक पाहुणा होऊन आत यायची. शेजारचे दातांचे डॉक्टर झाली, तेव्हा यांच्या तोंडात डोकावून "अरेरे" म्हणाली. स्वतःचा भाऊ, म्हणजे चिमीचा मामा झाली, तेव्हा पोट पुढे काढून दारातूनच "खायला काय?" असं ओरडली. दोघंही हसून हसून बेजार. दारातल्या चपलांच्या कपाटापाशी जमिनीला एक लाकडी फळी होती, पाय ठेवला की गप्प, पाय उचलला की करकरायची. तीसुद्धा प्रत्येक पाहुण्यामागे करकरून साथ देत होती.

"आता चिमी," काचवाले म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. "ती मी नाही होणार. मला रडू येईल. तुमचं तुम्ही करा." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मग त्यांनी एकट्यानेच करायचं ठरवलं. बाहेर जाऊन बेल स्वतःच वाजवली, आत आले, दार लावलं, केस सारखे केले आणि दार उघडलं. समोर जिन्यावरची रिकामी जागा.

"या, काय दाखवू?" तोंडातून निघालं.

स्वतःवरच वैतागले. दार लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मात्र कसं कोण जाणे, इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं. ते बाजूला सरले, वाट दिली, हात पुढे केला आणि अगदी हळू म्हणाले, "ये. तुझंच घर आहे. बस. आता जाऊ नकोस."

खिडकीजवळच्या, चिमीच्या खुर्चीपर्यंत ते मागे न बघता चालत गेले. तिच्या आवडीचा, दोन चमचे साखर घातलेला चहा कपात ओतून खुर्चीसमोर ठेवला. डोळे पुसले. मनात म्हणाले, जमलं.

त्यांच्यामागे फळी करकरली.

ते खुर्चीपाशी उभे होते. फळी पार दारापाशी होती. लाकूड आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. उन्हाने तापतं, आवाज करतं. जाऊन दार लावलं.

३

"तुम्हाला साखर बंद आहे ना?" थोड्या वेळाने बायको बाहेर आली ती कप हातात घेऊनच. "तालमीतला चहा खरा प्यायचा असतो का?"

कपात चहा नव्हता. तळाशी न विरघळलेली साखर तेवढी उरली होती.

काचवाल्यांना आठवेना. आपण प्यायलो का? माणूस विचारात असला की हाताला लागेल ते तोंडाला लावतो. दुकानात एकदा ते गिऱ्हाइकाचं सरबत पिऊन बसले होते. "मीच प्यायलो असेन," ते म्हणाले. बायकोने डायबेटिसवर छोटंसं भाषण दिलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाव आणि केक आणायला बाहेर गेले. परत आले तर बायको खुशीत होती, सँडविचला लोणी लावता लावता गुणगुणत होती.

"मग ठरलं ना? तिला निळी चादर घालायची."

"कुणाला? कधी ठरलं?"

"अहो, आत्ताच नाही का! मी इथून विचारलं, वरच्या खोलीत निळी चादर घालू का, तुम्ही बाहेरून 'हं' म्हणालात. पडदे धुतलेले लावू का, 'हं' म्हणालात. इतका शहाण्यासारखा नवरा कुठून आला असं वाटलं मला."

"मी बेकरीत होतो. हा बघ केक."

बायकोने केककडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि खळखळून हसली. "म्हणजे मी भिंतीशी बोलत होते! लग्न झाल्यापासून तेच चाललंय म्हणा."

तेही हसले. हसता हसता बैठकीच्या खोलीत गेले. सगळं जागच्या जागी होतं. काचेच्या कपाटात कप ओळीने टांगलेले, टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ. फक्त चिमीची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. कुणी बाहेरची वर्दळ बघत निवांत बसावं तशी.

त्यांनी ती सरळ केली. सरळ करताना खुर्चीच्या पाठीचा दांडा हाताला कोमट लागला. ऊन, ते म्हणाले. मग खिडकीकडे बघितलं. ऊन अजून त्या बाजूला आलंच नव्हतं.

४

पार्टी मात्र झकास झाली, हे आधी सांगतो. तालमीचं फळ असं दिसतं. कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही, सूप गरम होतं, सरबत गार होतं. मामा दारातूनच "खायला काय?" म्हणून ओरडले आणि काचवाल्यांची बायको एवढी हसली की मामांना कळेना आपण काय विनोद केला.

मग बेल वाजली. काचवाल्यांनी दार उघडलं. चिमी. मागे जावई, हातात फुलं.

बापाने तोंड उघडलं. काल आले होते ते शब्द आठवत होते, अगदी क्रमाने आठवत होते. पण म्हणायला गेले तर आतून काही येईचना. गल्ल्यात हात घालावा आणि तळ लागावा, तसं. "ये," एवढंच म्हणाले. चिमीने क्षणभर वाट पाहिली. मग आईच्या गळ्यात पडली आणि गलबल्यात ते झाकलं गेलं.

जावई मोठा गोड माणूस निघाला. मामांनी त्याला विचारलं, "काय हो, तुमचा धंदा वरखाली होत असेल नाही?" तो म्हणाला, "मधे अडकला की पैसे मिळतात." काचवाल्यांना तो तिथेच आवडला. व्यापारी माणसाला असं उत्तर आवडतं.

चिमी तिच्या खुर्चीत जाऊन बसली आणि लगेच उठली.

"काय गं?"

"काही नाही. आत्ता कोणी बसलं होतं का इथे? गरम आहे."

"मी बसलो असेन," मामा म्हणाले. "माझी ऊब आठवडाभर टिकते."

"मामा, तू आल्यापासून सँडविचच्या शेजारून हललेला नाहीस."

सगळे हसले. चिमी मात्र कप घेऊन उभीच राहिली. काचवाल्यांनी मग नीट लक्ष ठेवलं. खोली भरलेली, माणसं सोफ्याच्या हातांवर टेकलेली, तरी त्या खुर्चीत कोणी बसेना. दातांचे डॉक्टर प्लेट घेऊन तिकडे वळले, खुर्चीशी पोचले आणि "सॉरी, सॉरी" म्हणत मागे फिरले.

"बसा ना डॉक्टर, रिकामी आहे," काचवाले म्हणाले.

"अहो, तिथे कोणीतरी बसलंय..." डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला. "नाही का? मला वाटलं." मग हसले आणि त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करूनच बोलत राहिले.

५

चिमीने बापाला स्वयंपाकघरात गाठलं. काचवाले किटली विसळत होते. तीन वेळा विसळून झाली होती.

"बाबा, आईला वाटतं आम्ही इथे राहावं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला... म्हणजे..." शब्द पुन्हा नाहीत.

"मी भांडायला आले नाहीये. सगळं छान आहे, आईने केवढं केलंय. पण मला सारखं वाटतंय की इथे माझी जागा कुणीतरी घेतलीय." ती कसंनुसं हसली. "वर बॅग ठेवायला गेले. दार ढकलायच्या आधी सवयीने विचारलं, आई, आत आहेस का? आतून 'हं' आलं. उघडलं तर कोणी नाही. निळ्या चादरीवर मात्र बसल्याची खूण. मग बॅग परत खाली आणली." तिने हात पुसले. "केक खाऊन आम्ही निघतो. हॉटेलात खोली आहे."

ती गेली, आणि काचवाल्यांनी किटली चौथ्यांदा विसळली. पण डोकं व्यापाऱ्याचं होतं, ते अशा वेळीच चालतं. आपण काय केलं ते त्यांना लख्ख दिसलं. 'तुझंच घर आहे, बस, आता जाऊ नकोस.' एवढं सगळं त्यांनी काल दिलं होतं, दार उघडून, वाट देऊन, चहासकट. समोर कोणी आहे की नाही ते न बघता. आणि जे एकाला देऊन टाकलं, ते आज दुसऱ्याच्या हातात कसं ठेवणार? अशी लबाडी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. घेणाऱ्याने परत दिलं तरच.

तिकडे जेवणाच्या खोलीत सगळे केकभोवती जमले. मामा सुरी कोणी धरायची यावर भांडत होते. काचवाले एकटे बैठकीच्या खोलीत आले. जिन्याचं दार सताड उघडलं आणि खुर्चीसमोर उभे राहिले.

"माफ करा," ते म्हणाले. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात. "चूक माझी आहे, तुमची नाही. मी बोलावलं, तुम्ही आलात. पण ते शब्द माझ्या लेकीचे होते. ते मला परत हवेत."

आतून हशा ऐकू आला. मग खुर्ची कुरकुरली, वजन उतरताना कुरकुरते तशी.

त्यांनी तिकडे थेट पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून दाराशेजारच्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं, आणि दिसायचं ते तिथेच दिसलं. टांगलेल्या कपांच्या मागे, काचेत, कोणीतरी वाकून चाललं होतं. कमी उंचीच्या दारातून जाताना उंच माणूस वाकतो, तसं. पण ते अजून दारापर्यंत पोचलं नव्हतं. खोलीच्या मधोमधच वाकलेलं होतं, आणि पाठ छताला घासत होती.

काचवाल्यांनी डोळे मिटले. गोड चहाचा वास चेहऱ्यावरून गेला. फळीवर पाय पडला असावा, कारण काहीच आवाज झाला नाही. बराच वेळ झाला नाही. मग फळी करकरली.

गेलं. आणि त्याच क्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीची ती जीभ, मालकाला न विचारता हलली.

"आलात, बरं वाटलं. पुन्हा या."

जीभ चावली, पण बोलून झालं होतं. त्यांनी धाडकन दार लावलं.

६

छाती मोकळी झाली होती. शब्द परत आले होते, सगळेच्या सगळे. ओठांवर येऊन थांबले होते. ते जवळजवळ धावतच जेवणाच्या खोलीत शिरले. "चिमे!"

"थांबा, थांबा!" मामांनी हात वर केला. बहिणीने त्यांना कालच्या तालमीचं सगळं सांगून टाकलं होतं. "हे बरोबर नाही. तालीम दाराशी झाली, तर प्रयोगही दाराशीच व्हायला पाहिजे. चिमे, हो बाहेर!"

"नको!" काचवाले ओरडले. "बाहेर नको."

"लाजले बघा!" सगळ्यांनी गिल्ला केला. चिमीला हसू फुटलं, त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच मनापासून हसत होती. मामांनी तिला खांद्याला धरून दारापर्यंत ढकलत नेलं, बाहेर काढलं आणि दार लावलं. आता काचवाले काय सांगणार होते? कोणाला?

बेल वाजली.

सगळे मागे उभे, तोंडावर हसू. काचवाल्यांचा हात कडीवर. जिन्यावरची ती जागा केवढीशी, दोघांना उभं राहायला कशीबशी पुरेल एवढी.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

आवाज तिचाच होता. पण नुसतं 'मी' कोणीही म्हणू शकतं. त्यांनी कडी काढली नाही.

"मी कोण?"

बायको मागून कुजबुजली, "अहो, पुरे आता, उघडा." मग बाहेरून खणखणीत आवाज आला, "बाबा, 'दार उघडं आहे, यायचं असेल तर ये' असं म्हणा! तेवढंही जमत नाही का?"

असा टोमणा जगात एकच माणूस मारू शकत होता. काचवाल्यांनी दार उघडलं. समोर चिमी, कमरेवर हात, डोळ्यांत पाणी. ते बाजूला सरले, वाट दिली. "ये," ते म्हणाले. "तुझंच घर आहे. बस. आता जाऊ नकोस."

ती आत आली आणि बापाला मिठी मारून रडली. आई रडली, जावयाने फुलांत तोंड लपवलं, मामा रडता रडता केक खात होते. हॉटेलातली खोली फोन करून सोडून दिली.

चिमी फळीवरून पुढे आली तेव्हा फळी करकरली होती. ते सगळ्यांनी ऐकलं. नंतर, सगळे गळ्यात गळे घालून उभे असताना, ती पुन्हा एकदा करकरली. ते फक्त काचवाल्यांनी ऐकलं.

चिमी आता वरच्या खोलीत राहते. खुर्चीत बसते, खुर्ची गरम नसते. घर हसतं-खेळतं आहे, दुकानात लेक बापापेक्षा जास्त कपबशा विकते. रोज संध्याकाळी चहा होतो, आणि रोज कप विसळताना बायकोला माणसांपेक्षा एक उष्टा कप जास्त सापडतो, तळाशी साखर असलेला.

"पुन्हा तुम्ही?" ती विचारते.

"मीच," काचवाले म्हणतात, मान खाली घालून भाषण ऐकतात. रक्ततपासणीत साखर मात्र कधी वाढलेली निघत नाही. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही हसत हसत, आणि मला दारापर्यंत सोडताना 'पुन्हा या' म्हणाले नाहीत. हल्ली कोणालाच म्हणत नाहीत.

तुम्ही पार्टी जरूर करा, तालीमही करा. पण शेवटचा पाहुणा गेला की घरातली माणसं मोजा, मग उष्टे कप मोजा. आणि एक जास्त भरला, तर हात जोडून सांगतो, 'मीच प्यायलो' म्हणून जुळवून टाकू नका. हिशेब खरा ठेवा.